स्थळ पाहायला वानला

आधीच सांगून टाकतो, मी टूरवाला माणूस आहे. युरोप पाहिला तो बसच्या खिडकीतून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून आणि झेंडा घेऊन चालणाऱ्या मॅनेजरच्या मागे मागे. आल्प्सच्या पायथ्याशी बसून मी पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली आहे, आणि वर 'लोणचं संपलं का हो?' अशी तक्रारही केली आहे. त्यामुळे इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणात जेव्हा मी जाहीर केलं की ईस्टरच्या सुट्टीत मी आणि माझी बायको मेधा तुर्कस्तानात वानला जाणार, तेही टूर न घेता, आपलं आपण, तेव्हा पावभाजीवरचे चार-पाच हात जागच्या जागी थांबले.

"इस्तंबूल म्हणायचंय ना तुला?" एकानं विचारलं.

"नाही रे. इस्तंबूलहून पुढे अजून दोन तास विमान. इराणच्या जरा अलीकडे."

"तिथे काय आहे?"

"सरोवर आहे. प्रचंड. आणि मांजरं आहेत, एक डोळा निळा, एक पिवळा."

"मांजरं बघायला चाललायस?"

मी नुसता हसलो. जगप्रवासी लोक असंच हसत असावेत असा माझा समज आहे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही वानला चाललो होतो ते मुलाकडच्यांची चौकशी करायला.

आमची इरा. एकुलती एक. जन्म रेडिंगचा, शाळा मेडनहेडची, आता नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. वर्षभरापूर्वी एका रविवारी ती घरी आली, डायनिंग टेबलवर बसली आणि म्हणाली, "आई, बाबा, मी आणि बारान पुढच्या सप्टेंबरमध्ये लग्न करतोय." बारान म्हणजे तिचा मित्र. नॉटिंगहॅमलाच युनिव्हर्सिटीत शिकवतो, भूकंपात न पडणाऱ्या इमारती हा त्याचा विषय. मूळचा वानचा, कुर्दी. आता यात माझं काय दुखलं ते स्पष्ट लिहितो. मुलगा मुसलमान, घर अशा गावात जिथे आमच्या ओळखीचं चिटपाखरू नाही, आणि पुण्यातले नातेवाईक काय म्हणतील ही धाकधूक. हे सगळं होतंच. पण जास्त लागलं ते हे, की तिनं सांगितलं. विचारलं नाही.

मी म्हणालो, "बघू."

'बघू' हा शब्द मराठी बापाच्या फार कामाचा आहे. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि पुढे काही करावंही लागत नाही. मी वर्षभर बघत होतो. त्या काळात बारान तीनदा घरी येऊन गेला. जेवण झाल्यावर उठून भांडी घासली, मेधाची अळूची भाजी दोनदा मागून घेतली. मी त्याच्याशी तिन्ही वेळा हवामानावर बोललो. चोवीस वर्षं इंग्लंडमध्ये राहून एवढं तर येतंच.

शेवटी मेधाच म्हणाली, "अहो, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"चौकशी," मी म्हणालो. "माणसं कशी आहेत ते कळायला नको? ताईच्या लग्नाच्या वेळी अण्णांनी केली नव्हती? मुलाच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला जाऊन विचारलं होतं, यांच्याकडून दळण किती येतं. म्हणजे घरात खाणारी तोंडं किती ते कळतं."

"वानला गिरणीवाला शोधणार तुम्ही?"

"बघू," मी म्हणालो.

इराला आम्ही फक्त फिरायला चाललोय म्हणून सांगितलं. पण ती काय कच्च्या गुरूची चेली आहे? व्हिडिओ कॉलवर तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "बाबा, प्रॉमिस करा. बारानच्या घरच्यांकडे तुम्ही जासूसी नाही करणार. आपण समरमध्ये एकत्र जाऊ, प्रॉपरली, मी तुमची ओळख करून देईन."

"छे गं! सरोवर बघायचंय आईला."

मेधानं फोनच्या पलीकडून डोळे मोठे केले. इरा म्हणाली, "लग्न होणारच आहे, बाबा. दॅट्स नॉट द पॉइंट. मला एवढंच हवंय की तुम्ही माझे बाबा म्हणून यावं. कार्ड घेऊन येतात आणि केक खाऊन जातात, तसं गेस्टसारखं नको."

हे वाक्य मी सामानात घालून नेलं. विमानात, हॉटेलात, सगळीकडे ते माझ्यासोबत होतं.

वान, पहिला दिवस

विमान उतरायला लागलं तेव्हा खाली निळाच निळा पसारा दिसला आणि त्याच्या कडेनं बर्फाचे डोंगर. मी मेधाला म्हणालो, "समुद्र!" ती म्हणाली, "हेच ते सरोवर, जे बघायला आपण आलोय असं आपण सगळ्यांना सांगितलंय." गावात शिरताना एका चौकात मांजरांचा भला मोठा पुतळा लागला, आई आणि पिल्लू. आमच्याकडे चौकात पुतळा म्हटला की हातात तलवार हवी. इथे मांजर बघून मला उगीचच जरा धीर आला.

एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये रोज ऑफिसला जाता-येता मी ॲपवर तुर्की शिकलो होतो. 'घोडा पाणी पितो', 'माझ्या काकूचं सफरचंद लाल आहे' अशी वाक्यं मला अस्खलित येतात. हॉटेलवाल्यानं विमान कसं होतं वगैरे काहीतरी विचारलं, त्याला मी उत्साहानं काकूच्या सफरचंदाची माहिती दिली. त्यानं गंभीरपणे मान डोलावली आणि चहा मागवला.

दुपारी चौकशीला निघालो. माझ्याकडे भांडवल म्हणजे बारानच्या फोनवर कधीतरी पाहिलेला एक फोटो: निळ्या पाटीचं हार्डवेअरचं दुकान, दारात त्याचे वडील. बाजाराच्या मागच्या अंगाला आहे एवढं तो एकदा बोलला होता. त्या बाजारात चीजची दुकानं, मधाची दुकानं, मोठाले चहाचे डबे आणि सोन्याच्या बांगड्यांनी मढवलेल्या खिडक्या. मी तासभर निळ्या पाट्या बघत फिरलो. वानमध्ये निळा रंग फार स्वस्त असावा.

शेवटी मेधालाच दिसलं. फोटोतला माणूस, राखाडी मिशी, अंगात विणलेलं जॅकेट, स्टुलावर बसून कुलपाला तेल घालत होता. हालित. माझ्या मुलीचा होऊ घातलेला सासरा.

"आता काय करायचं?" मेधानं कुजबुजून विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणून जायचं. बघायचं कसा बोलतो."

"आणि घ्यायचं काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. दुकानात शिरलो, घाम फुटला, आणि समोर जे दिसलं त्याच्याकडे बोट दाखवलं. ती नळाची तोटी होती. हालितनं खुणेनं विचारलं, स्वयंपाकघरासाठी की बाथरूमसाठी? मी खुणेनं दात घासून दाखवले. मग त्यानं साइझ विचारली. मी मेधाकडे बघितलं, मेधानं छताकडे बघितलं. मी अंदाजे दोन बोटं दाखवली. आयटीत सीनियर आर्किटेक्ट आहे मी.

हालितनं माझ्याकडे नीट बघितलं. मग मेधाकडे, तिच्या कपाळावरच्या टिकलीकडे. मग "एक मिनिट" असं काहीसं म्हणून तो मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो चहा घेऊन. तोटी त्यानं कागदात गुंडाळून दिली आणि पैसे पुढे केले तर हात छातीवर ठेवून मान हलवली. मी आग्रह केला, त्यानं परत छातीवर हात ठेवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "धंद्यात कच्चा दिसतो. असं फुकट वाटलं तर संसार कसा चालणार?"

"अहो, फुकट तोटी घेऊन वर नावं ठेवताय?" मेधा म्हणाली.

दुकानासमोर चहाचा अड्डा होता, बुटकी स्टुलं, सोंगट्यांचा खटखटाट. आमच्या गिरणीवाल्याची जागा हीच, हे मी ताडलं. बसलो. एका पांढऱ्या टोपीच्या आजोबांनी लगेच स्टूल सरकवलं. मी फोनवर भाषांतराचं ॲप उघडलं, हळूच इंग्रजीत पुटपुटलो, "समोरचे दुकानदार कसे आहेत?" फोननं तो प्रश्न तुर्कीत अख्ख्या अड्ड्याला ओरडून विचारला. सोंगट्या थांबल्या.

आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी प्रश्नच विचारले. कुठून आलात? मूळचे कुठले? आई आहे? वडील? मुलं किती? एकच? का एकच? पगार किती? घर स्वतःचं? बायको कपाळावर ते काय लावते? मुलगी काय करते? लग्न झालं? का नाही झालं?

मेडनहेडमध्ये आमच्या शेजारी जो गोरा गृहस्थ राहतो, तो इतक्या वर्षांत माझ्याशी बोलला आहे तो फक्त कचऱ्याची हिरवी बिन कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायची याबद्दल. आणि इथे चहाचा पहिला ग्लास संपायच्या आत माझी सात पिढ्यांची कुंडली मांडून झाली होती. खरं तर मला फार बरं वाटलं. पण 'मुलीचं का नाही झालं' याच्यावर मी अडलो. आजोबा उत्तराची वाट बघत होते. मी फोनमध्ये म्हणालो, "बघू." फोनला ते कळलं नाही.

माझा ग्लास संपला की कुणीतरी भरत होतं. आपल्याकडे उष्टं टाकायचं नाही, म्हणून मी संपवत होतो. मी संपवतोय म्हणून ते भरत होते. असे किती झाले कोण जाणे, माझ्या पोटात चहा हिंदकळण्याचा आवाज यायला लागला. मेधानं आजूबाजूला बघून तोडगा काढला: चमचा ग्लासवर आडवा ठेवायचा, म्हणजे पुरे. तिनं ठेवला, तिची सुटका झाली. माझा चमचा मी कधीच खाली पाडला होता.

निघताना आजोबांना आमच्या प्रश्नाची आठवण झाली. "हालित?" ते म्हणाले. "हट्टी. सोंगट्यांत हरतो आणि कबूल करत नाही."

मी मेधाला म्हणालो, "दुर्गुण एक: हट्टी."

"बरंय की. तुम्हाला जोडी मिळेल," मेधा म्हणाली.

चहाचे पैसे द्यायला गेलो तर कळलं, दिले गेलेत. कुणी दिले? खांदे उडवले सगळ्यांनी.

किल्ला, बेट आणि माझा मोजा

पुढचे दोन दिवस आम्ही खरोखरच फिरलो, आणि मला स्वतःचा भलताच अभिमान वाटायला लागला. कारण सगळं कसं जमून येत होतं! हॉटेलवाल्यानं आपण होऊन आम्हाला सरोवराकडच्या खोलीत हलवलं. किल्ल्याच्या पायथ्याशी टॅक्सीवाला आमच्यासाठी थांबूनच होता, म्हणाला, परत सोडतो. किल्ल्यावरून एका बाजूला निळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला जुनं गाव दिसतं, म्हणजे गाव नाहीच, गवत आणि दोन-तीन मशिदींचे अवशेष. खडकात कोरलेली प्राचीन राजांची अक्षरं आहेत. मेधा ती शांतपणे बघत होती. मी धापा टाकत होतो आणि कुणी विचारलं तर फोटो काढतोय असं सांगत होतो.

अकदमार बेटावर जायला होडी लागते. सीझन नव्हता, धक्क्यावर आम्ही दोघंच, आणि होडी भरल्याशिवाय सुटत नाही असं गाइडबुकात छापलेलं. तरी होडीवाल्यानं आम्हाला बघितलं, फोनवर कुणाशी दोन शब्द बोलला आणि "गेल, गेल", म्हणजे या, या, करत बसवलं. अख्खी होडी दोघांना. बेटावर लालसर दगडाचं जुनं आर्मेनियन चर्च, त्याच्या बाहेरच्या भिंतींवर द्राक्षांचे वेल, प्राणी, माणसं कोरलेली, आणि भोवती बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी गच्च. मेधा एका झाडाखाली बसली आणि म्हणाली, "इरा इथे हवी होती." मलाही तेच वाटलं होतं आणि ते वाटल्याचा रागही आला होता.

उतरताना धक्का आणि होडी यांच्यामधलं अंतर मी चुकीचं मापलं आणि एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. या सरोवराचं पाणी सोड्याचं आहे, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. संध्याकाळी बूट वाळला तेव्हा त्यावर पांढरी नक्षी उमटली होती, आणि मोजा असा काही स्वच्छ निघाला होता की मेधानं दुसरा मोजाही सरोवरात बुडवायला सुचवलं.

त्या संध्याकाळी मी मंडळींच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. 'टूर कंपन्यांची खरं तर गरजच नसते. थोडं धाडस, थोडी माणसं ओळखायची कला, बाकी सगळं आपोआप होतं.' खाली बारा अंगठे आले. मेधानं तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन परत माझ्या हातात दिला. तिला संशय आला होता असं ती आता म्हणते.

चौथी सकाळ

परतीच्या दिवशी हॉटेलवाला म्हणाला, आज इथे नाश्ता नाही. वानचा नाश्ता म्हणजे तुर्कस्तानात नावाजलेली गोष्ट. नाश्त्यासाठी इथे अख्खी गल्ली आहे. मी कुरकुर करायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्हाला घ्यायला आलेत." दारात हालित उभा. आज कोट, आणि मिशी विंचरलेली. त्यानं फोन पुढे केला. फोनमधली भाषांतर करणारी बाई इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही नाश्त्याला माझ्या घरी याल का? माझी बायको तीन दिवस वाट बघते आहे."

एम-फोर हायवेवर डावीकडे वळा सांगणाऱ्या बाईच्या सुरात ते 'तीन दिवस' ऐकलं आणि मी बोटांवर दिवस मोजले. तीन दिवस. म्हणजे तोटीपासून.

"संपलं," मी मेधाला मराठीत म्हणालो. "इराला कळणार."

"कळू दे. चला आता. आणि मोजे नीट आहेत ना? तिथे बूट काढायला लागतील."

घर साधं होतं, इथल्या मोठ्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं. बारानची आई, गुलिझार, दारातच उभी होती. तिनं मेधाला जवळ घेतलं आणि सोडेचना. आत जमिनीवर चादर अंथरून त्यावर जे मांडलं होतं त्याचं वर्णन करायला मला परत एकदा भूक लागावी लागेल. रानातल्या पाल्याचं चीज, साय आणि मध, ऑलिव्ह, गरम रोटीसारखे पाव, लोण्यात पीठ भाजून त्यात अंडी फोडलेला एक प्रकार, आणि भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा गोड लगदा. मेधानं तो चाखला आणि उडालीच. "अहो, हा तर कणकेचा शिरा!" गुलिझारनं तिला आणखी वाढला. मी सवयीनं पहिल्यांदा "नको, नको" म्हटलं, दुसऱ्यांदा वाढतील या खात्रीनं. वाढलं. या बाबतीत आमचे दोन्ही समाज अगदी सुशिक्षित आहेत.

मग हालितनं फोन मधे ठेवला आणि बोलायला लागला. तो बोले, बाई भाषांतर करी.

बारानच्या फोटोंतून त्यानं आम्हाला दुकानातच ओळखलं होतं. मागच्या खोलीत जाऊन त्यानं मुलाला फोन केला, की इराचे आई-वडील माझ्याकडे तोटी घेतायत, मी काय करू? मग आम्ही आपणहून ओळख देऊ, म्हणून तो वाट बघत राहिला. चहा, खोली, टॅक्सी, होडी, सगळं त्यानंच बघितलं होतं. मी ज्या धाडसाबद्दल ग्रुपवर प्रवचन दिलं होतं, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात उत्तम टूर होती. फक्त मॅनेजरच्या हातात झेंडा नव्हता.

मी खाली मान घालून म्हणालो, "माफ करा. आम्ही चोरून चौकशीला आलो होतो."

ते ऐकून हालितच कानकोंडा झाला. "माफी आम्ही मागायची," बाई म्हणाली. "आमच्यात मुलाच्या बापानं मुलीच्या घरी जायचं असतं. मागणी घालायला. मुलीच्या बापाला उंबरठा ओलांडून यावं लागलं, ही आम्हाला लाज आहे. मी वर्षभर तयार आहे. कोट शिवून ठेवला आहे. बारान म्हणायचा, थांबा बाबा, इराच्या वडिलांचं अजून ठरत नाहीये. त्यांना घाई करू नका."

मी त्या कोटाकडे बघितलं. आमच्यात मुलीच्या बापानं चपला झिजवायच्या, त्यांच्यात मुलाच्या. आणि एका माणसानं कोट शिवला होता आणि वर्षभर वानमध्ये बसून माझ्या 'बघू'ची वाट बघितली होती. मला फार वाईट वाटलं. मेडनहेडच्या त्या टेबलावर मी तो शब्द किती सहज टाकला होता.

हालित उभा राहिला. गुलिझार उभी राहिली. त्यानं कोटाचं बटण लावलं, हात छातीवर ठेवला आणि सावकाश एक वाक्य म्हणाला. बाई म्हणाली, "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबराच्या शब्दानं आम्ही तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो."

मी बसूनच राहिलो. मेधा अगदी हळू, हसरा चेहरा ठेवून मराठीत म्हणाली, "अहो, आता बघू म्हणालात ना, तर मी घरी येत नाही. इथेच राहीन, यांच्याकडे."

"इराला विचारतो," मी म्हणालो आणि फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. "तोटी बसली का, बाबा?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. हालित अंकलनी बारानला विचारलं, काय करू. मी म्हणाले, फिरू द्या त्यांना." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, तुम्ही प्रॉमिस मोडलं. मला खूप राग आलेला. दोन रात्री मी झोपले नाही नीट. मला स्वतः तुम्हाला ते बेट दाखवायचं होतं. तुम्ही आईच्या हातचं खाऊन जे तोंड करता ना, ते तोंड मला बारानच्या घरी जेवताना बघायचं होतं."

"सॉरी बेटा," मी म्हणालो. "चुकलं माझं. ऐक, इथे ते उभे आहेत. तुला मागणी घातलीये. मी काय सांगू?"

"मला काय विचारता? माझं हो वर्षभर आहे." मागे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा आवाज येत होता, ट्रॉल्या, कुणाची तरी हाक. "ते तुम्हाला विचारतायत, बाबा. म्हणून मी बारानला म्हणाले, थांब, घाई नको. मला तुमच्याकडून ऐकायचंय. चौकशी झाली ना? मग सांगा."

समोर दोन माणसं उभी होती, हात बांधून, परीक्षेला बसल्यासारखी. मी बोलायला तोंड उघडलं. तुर्कीत, इंग्रजीत, मराठीत, कशातही काहीही येईना. घशातून नुसता एक विचित्र आवाज निघाला आणि मी, बावन्न वर्षांचा माणूस, मांडी घालून बसल्या जागी ढसाढसा रडायला लागलो. हालितचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, नाही म्हणतोय. गुलिझारनं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. फोनमधून इरा ओरडत होती, "बाबा? बाबा, काय झालं? हो की नाही?"

मेधानं एका हातानं माझी पाठ थोपटली, दुसऱ्या हातानं फोन घेतला आणि सगळ्यांकडे बघून जोरजोरात होकाराची मान हलवली.

"हो म्हणतायत गं," ती म्हणाली. "तोंडात घास आहे."

माझ्या तोंडात घास नव्हता.